तंबोऱ्याच्या कानाने सिंथ शिकताना

पंधरा वर्षं पेटी वाजवल्यावर मी कॉर्ग कंपनीचा एमएस-२० मिनी हा सिंथ, म्हणजे विजेवर आवाज घडवणारा सिंथेसायझर, घेतला. १९७८ सालच्या मूळ एमएस-२० ची ही लहान आवृत्ती: ३७ पट्ट्या, वर नॉबची गर्दी आणि उजवीकडे केबल जोडायची भोकं. पहिल्या संध्याकाळी दोन तास बसूनही त्यातून हूं की चूं आलं नाही. कारण नंतर कळलं. एका फिल्टरने आवाजाचा खालचा भाग अडवला होता, दुसऱ्याने वरचा. मधे काही उरलंच नव्हतं.

म्हणून नवीन शिकणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच: महिनाभर केबलला हात लावू नका, आणि रोज एकाच ठिकाणाहून सुरुवात करा. पहिला ऑसिलेटर (मूळ सूर निर्माण करणारा भाग) पूर्ण, दुसरा बंद. हायपास फिल्टरचा (खालचा भाग अडवणारा) कटऑफ, म्हणजे अडवण्याची सीमा, शून्यावर, लोपासचा (वरचा भाग अडवणारा) पूर्ण उघडा, दोन्ही पीक (सीमेजवळचा आवाज उठवणारे नॉब) शून्य, मॉड्युलेशनचे (आवाज आपोआप हलवणारे) सगळे नॉब शून्य, सस्टेन (पट्टी धरली असताना टिकणारा आवाज) पूर्ण. वेव्हफॉर्म (लहरीचा आकार) सॉटूथ, म्हणजे करवतीच्या दातांसारखा, घ्या. त्यात मूळ कंपनसंख्येचे दुप्पट, तिप्पट, चौपट असे सगळे पट असतात. फिल्टर आवाजातून काढून टाकतो, तेव्हा काढण्याजोगं आधी भरपूर हवं.

आता एक पट्टी धरून ठेवा आणि लोपासचा कटऑफ अगदी खाली आणा. पीक बऱ्यापैकी वाढवा आणि तोच कटऑफ केसाकेसाने वर न्या. मूळ सूर जागचा हलत नाही, पण त्याच्यावर एकेक स्वर उमलत जातो. वरचा षड्ज, मग पंचम, आणखी वरचा षड्ज, त्यानंतर गंधार! तंबोऱ्याच्या जवारीत दोरा सरकवताना जे ऐकू येतं, तेच हे. मी रात्री एक वाजेपर्यंत तो एकच नॉब फिरवत होते. पहिले दोन आठवडे तुम्हीही इथेच घालवा. फक्त पीक पूर्ण वर नेण्याआधी हेडफोनचा आवाज कमी करा. फिल्टर स्वतःच शिटी घालू लागतो आणि ती कानात घुसते.

मग दुसरा ऑसिलेटर. एक ४४० हर्ट्झवर आणि दुसरा ४४१ वर असेल तर सेकंदाला एक हेलकावा येतो. जोडीच्या तारा मिळवताना आपण हाच हेलकावा घालवतो. इथे तो थोडा राहू द्यायचा, आवाज भरीव होतो. मात्र सूर मिळवण्याआधी वाद्य पंधरा-वीस मिनिटं तापू द्या, सर्किट थंड असताना सूर सरकतो.

पोर्टामेंटोला (एका पट्टीवरून दुसरीवर सूर सरकवत नेणाऱ्या सोयीला) मींड समजू नका. तो ठरलेल्या चालीने सरकतो, मधल्या श्रुतीवर रेंगाळत नाही. तरी त्याच्याकडून किती काम घेता येतं, हे संगीतकार चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत रोलंड कंपनीच्या ज्युपिटर-८ आणि टीबी-३०३ या सिंथवर आणि टीआर-८०८ या तालयंत्रावर केलेल्या रागांच्या ध्वनिमुद्रणात ऐकायला मिळतं. त्यातल्या सरकत्या सुरांकडे कान द्या.

एमएस-२० मिनीला स्मरणशक्ती नाही. आवडलेला आवाज वहीत उतरवा: प्रत्येक नॉबचं वर्तुळ, त्यात काट्याची रेघ. फोटोपेक्षा हे बरं, कारण रेघ मारताना तो नॉब तिथे का आहे याचा विचार होतो. तीन दिवसांनी वहीवरून तोच आवाज पुन्हा बांधून पाहा.

केबल मी दुसऱ्या महिन्यात हाती घेतली. नॉइज (नुसता खरखराट) सॅम्पल-अँड-होल्डमध्ये (प्रत्येक ठोक्याला आलेल्या सिग्नलची त्या क्षणाची पातळी पकडून धरणारा भाग), तिथून पिचला, म्हणजे सुराच्या उंचीला, आणि ठोके मॉड्युलेशन जनरेटरकडून (ठरावीक गतीने हेलकावे देणारा भाग). पट्टी दाबून धरली, तर एकामागून एक अनोळखी सूर यायला लागले.