मांजरीच्या पिसवांवर औषध लावताना या चुका टाळा

घरात कुत्रं आणि मांजर दोन्ही असलं आणि कुत्र्याच्या औषधाची अर्धी कुपी उरली असली, की ती मांजरीला लावून टाकावीशी वाटते. कृपा करून लावू नका. मी हे सगळ्यात आधी लिहितेय, कारण बाकीच्या बहुतेक चुकांमुळे पिसवा राहतात, पण या चुकीने मांजर जाऊ शकतं.

कुत्र्यांच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. मांजरीचं यकृत ते नीट निकामी करू शकत नाही, त्यामुळे ते थेट मज्जासंस्थेवर बसतं. आधी कान आणि चेहरा फडफडायला लागतो, लाळ गळते, मग अंग थरथरतं, तोल जातो, झटके येतात. हे काही तासांत सुरू होतं, कधीकधी दोन-तीन दिवसांनीही. कुत्र्याला असं औषध लावलं असेल, तर निदान तीन दिवस मांजरीला त्याच्याजवळ झोपू देऊ नका, त्याला चाटूही देऊ नका.

चुकून लागलंच, तर कोमट पाणी आणि भांडी घासायचा सौम्य लिक्विड साबण घेऊन ती जागा धुवा. गरम पाण्याने औषध जास्त शोषलं जातं, गार पाण्याने अंग थंड पडून त्रास वाढतो. दूध-तूप पाजत बसू नका. मांजर टॉवेलात गुंडाळा, औषधाचा खोका बरोबर घ्या आणि लगेच पशुवैद्याकडे जा. यावर उतारा म्हणून एकच असं औषध नाही. झटके थांबवणं, शरीराचं तापमान सांभाळणं, सलाईन हेच उपचार असतात, म्हणून वेळ महत्त्वाची.

दुकानातही इथेच घोळ होतो. आपण ‘पिसवांचं काहीतरी द्या’ म्हणतो आणि हातात पडते कुत्र्यांच्या गोचिडांची पावडर किंवा गुरांवर फवारायचं औषध. खोक्यावरचं चित्र सोडा, बारीक अक्षरातले घटक वाचा. परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, अमिट्राझ यांपैकी काही दिसलं तर ते परत करा. फिप्रोनिल, सेलामेक्टिन, इमिडाक्लोप्रिड हे घटक मांजरींसाठी बनवलेल्या औषधांत सर्रास असतात, पण तेही मांजरीचंच पॅक आणि तिच्या वजनाचीच कुपी. घरात ससा असेल तर फिप्रोनिल त्याच्या आसपासही नको.

‘घरगुती आहे, अपाय नाही’ हा समजही सोडायला हवा. कापूर, निलगिरीचं तेल, टी ट्री तेल, लसूण, डांबरगोळ्या, रॉकेल: मांजर स्वतःला दिवसभर चाटतं, त्यामुळे अंगावर लावलेलं सगळं पोटात जातं. फिनेलने पुसलेल्या ओल्या लादीवरून ती चालली, तर पंज्यांवाटे तेही पोटात जातं.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार: औषध लावलं, तरी पिसवा दिसतायत. आधी लावलं कसं ते आठवा. मान आणि खांदे जुळतात तिथे, जीभ पोहोचणार नाही अशा जागी, केस दोन्ही बाजूंना सारून थेट कातडीवर कुपी रिकामी करायची असते. केसांवर पडलं तर वाया गेलं. लावण्याआधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ नको.

लावणं बरोबर असेल, तर दोष बहुधा घराचा असतो. अंगावर दिसतात त्या पिसवा साधारण ५ टक्के, बाकीची अंडी, अळ्या आणि कोष गादीत, सोफ्याखाली, लादीच्या फटींत असतात. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालू शकते. कोषावर फवारणी चालत नाही आणि तो महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून नव्या पिसवा येतच राहतात. घाबरून आठवड्यात दुसरी कुपी लावू नका. व्हॅक्यूम नाहीतर झाडू रोज फिरवा, कचरा बांधून लगेच बाहेर टाका, मांजरीची गोधडी गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवा. घरातल्या प्रत्येक प्राण्याला वेळेवर, निदान तीन महिने औषध चालू ठेवा. आपल्याकडच्या दमट हवेत पिसवांना वर्षभर पोषक वातावरण मिळतं, त्यामुळे पावसाळा संपला म्हणून औषध बंद करणं महागात पडतं.

खरंच पिसवा आहेत की नुसती मळी, अशी शंका असेल तर बारीक फणीने शेपटीच्या मुळाशी विंचरा आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. भोवती लालसर तपकिरी डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त.

पिल्लांची गोष्ट वेगळी. बहुतेक औषधं ८ आठवड्यांखालच्या पिल्लांना चालत नाहीत. त्यांना फणीने विंचरा आणि निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात टाका. हिरड्या फिकट पडल्या असतील तर पिसवांनी रक्त शोषून पिल्लू अशक्त केलंय असं समजा आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. मोठ्या मांजरीच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं दिसलं, तर तो बहुधा पिसू गिळल्यामुळे झालेल्या पट्टकृमी या जंताचा तुकडा असतो. पिसवांच्या औषधाबरोबर जंताचं औषधही मागून घ्या.