पणजीच्या जुन्या फोंतेन्यास वस्तीत कौटुंबिक विनोदी सिनेमाचे शूटिंग: घर, ऊन, आवाज आणि वीज

घर शोधताना भिंतींचा रंग नंतर बघा, आधी दारे मोजा. कौटुंबिक विनोद येण्याजाण्यावर उभा राहतो. पुढून आत्या आत येते त्याच वेळी मागून भाचा सटकतो, हे न कापता एका फ्रेममध्ये दिसले तरच हसू येते. म्हणून दिवाणखान्यातून पुढचे आणि मागचे अशी दोन्ही दारे दिसणारे घर घ्या. कथेला बल्कांवच, म्हणजे दारापुढची बसायची ओसरीच, हवी असेल तर गावाकडे जा. फोंतेन्यासची बहुतेक घरे थेट रस्त्याला लागलेली आहेत.

उन्हाचा हिशेब इथे वेगळा आहे. फोंतेन्यास आल्तिनो टेकडीच्या पूर्व पायथ्याशी वसलेले असल्यामुळे सकाळचे ऊन पूर्वेच्या खाडीकडून थेट येते आणि दुपार कलली की सूर्य लवकर टेकडीआड जातो. लांबलचक संवादाचे प्रसंग त्या सावलीसाठी राखून ठेवा, म्हणजे शॉटगणिक उजेड बदलणार नाही. उन्हात पिवळी भिंत जवळच्या चेहऱ्यावर पिवळी झाक टाकते. कलाकाराला भिंतीपासून दीड-दोन मीटर पुढे उभे करा. निळ्या घरासमोर निळा शर्ट नको.

खरी डोकेदुखी आवाजाची. सकाळ-संध्याकाळ पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर भोंगा वाजवत येतो. एका शॉटमध्ये अर्धा भोंगा आला आणि पुढच्यात गायब झाला की संकलनात तो प्रसंग जुळत नाही. त्याची वेळ शेजाऱ्यांना विचारून घ्या, त्या दहा मिनिटांत संवाद घेऊ नका आणि भोंगा वेगळा रेकॉर्ड करा. सिनेमात पहाट दाखवायला त्याच्यासारखा आवाज नाही. जुन्या घरांतली लाकडी जमीन करकरते. कॅमेऱ्याबाहेरच्या वाटेवर जाड सतरंज्या अंथरा. प्रत्येक खोलीत सगळ्यांना गप्प बसवून एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा, संकलनात संवादांमधल्या फटी भरायला ती लागते.

वीज जपून वापरा. ५ अँपिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्टला जेमतेम ११५० वॅट निघतात, म्हणजे २ किलोवॅटचा दिवा तिथे चालणारच नाही. जुने वायरिंग तापते, म्हणून एलईडी दिवे किंवा जनरेटर आणा. जनरेटर गल्लीत घुसवू नका. तो खाडीकाठच्या रस्त्याला लावून केबल आत आणा.

परवानगीसाठी सुरुवात गोवा मनोरंजन सोसायटीकडून करा. रस्ता अडवायचा असेल तर वाहतूक पोलिसांशीही बोलावे लागते. जुन्या गोव्यातल्या संरक्षित चर्चसाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची मंजुरी वेगळी लागते. नोव्हेंबरात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत पणजीत खोल्या मिळणे अवघड जाते, त्या तारखा टाळा.

कागद हातात आले तरी शेजाऱ्यांची संमती उरतेच. उंबरठ्यावर फोटो काढणाऱ्यांनी इथली माणसे आधीच वैतागलेली आहेत. दोन दिवस आधी घरोघरी जाऊन वेळ सांगा. दुपारी गल्ली रिकामी दिसते, पण आत माणसे वामकुक्षी घेत असतात. तेव्हा मूक दृश्येच घ्या.

पणजीहून मांडवीपलीकडे बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीवर प्रसंग असेल तर लक्षात ठेवा, बोट वळते तशी दोन्ही पात्रांमागची पार्श्वभूमी आणि ऊन फिरते. एका फेरीत एकाच बाजूचे शॉट घ्या, दुसऱ्या बाजूचे पुढच्या फेरीत, त्याच दिशेने जाताना.