आजारपणातून कामावर परतलेला माणूस: या चुका टाळा

कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरी आणि पाळ्या बघणाऱ्या खात्यात, मी बरीच वर्षं काढली. आजारपणानं काम सुटलेले बरेच जण पाहिले. त्यातले काही तर आम्हीच घालवले, तेही त्यांची सोय करतोय असं समजून.

‘हलकं काम’ म्हणून गेटवर बसवणं

आमच्याकडे तासगावकडचा एक टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा कारागीर, होता. हात असा की मायक्रोमीटर लावायच्या आधी माप सांगायचा. किडन्या निकामी झाल्या आणि मिरजेत आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. दोन महिन्यांनी फिटनेस सर्टिफिकेट घेऊन आला, त्यावर ‘हलके काम द्यावे’ एवढंच लिहिलेलं. आम्ही त्याला वॉचमनच्या खुर्चीत बसवलं. वर नाइट दिली, का तर रात्री गेटवर वर्दळ नसते! तिसऱ्या आठवड्यात म्हणाला, "साहेब, हे म्हंजे काढूनच टाकलं की वो." मग यायचाच बंद झाला.

कागद सगळ्यांनी वाचला, पण "तुला नेमकं काय जमत नाही?" हे त्याला कुणी विचारलं नाही. लेथपुढं उभं राहणं त्याला जमत होतं. डायलिसिससाठी हातात फिस्टुला, म्हणजे शिरा जोडून सुई टोचायची जागा, केलेला असतो आणि त्या हातानं वजन उचलायचं नसतं. म्हणजे जड जॉब (घडवायचा लोखंडी तुकडा) लेथच्या चकवर चढवायला हेल्पर दिला असता तरी भागलं असतं. एका डायलिसिसला साधारण चार तास जातात, नंतर माणूस गळून जातो. तीनातला एक दिवस साप्ताहिक सुट्टीला जोडायचा, उरलेल्या दोन दिवशी पहिली पाळी संपवून संध्याकाळी जायचं, असं बसवता आलं असतं. पुढं तो मला एका लहानशा वर्कशॉपमध्ये भेटला, लेथवरच. जड जॉब उचलायला डोक्यावर चेनपुली टांगलेली होती.

डॉक्टरांकडून नुसतं ‘फिट’ किंवा ‘अनफिट’ मागू नका. कामाचा एक कागद करून रुग्णासोबत पाठवा: किती तास उभं राहायचं, किती किलो उचलायचं, धूळ, उष्णता, रात्रपाळी. त्यावर डॉक्टर नेमकं लिहून देऊ शकतात. डायलिसिसवाल्याला पाणी मोजून प्यावं लागतं. त्याला भट्टीजवळ उभं करायचं आणि वर "पाणी पी रे" म्हणून आग्रह करायचा, हेही आमच्याकडे झालंय.

शुगरवाल्याला बिनसाखरेचा चहा

इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असतील आणि जेवणाची सुट्टी लांबली, तर शुगर उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. अशा वेळी हमखास कुणीतरी म्हणतं, "त्याला शुगर हाय, गोड देऊ नका." आणि बिनसाखरेचा चहा पुढं येतो. शुगर 70 च्या (mg/dL) खाली गेली असेल तर त्या क्षणी साखरच लागते. तीन-चार चमचे पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. भडंग देऊ नका, तेलकट खाण्यानं साखर लवकर चढत नाही. ते नंतर, पोटाला आधार म्हणून. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना. टाइम ऑफिसात ग्लुकोजचा डबा ठेवा आणि तो कुठं आहे हे नाइटच्या सुपरवायझरलाही माहीत असू द्या. इन्सुलिन घेणाऱ्याची पाळी दर आठवड्याला फिरवणंही बंद करा. जेवण, झोप आणि इंजेक्शन, तिन्हींच्या वेळा त्यानं विस्कटतात.

"राजीनामा दे, बरा झालास की ये"

मला सर्वांत जास्त राग या वाक्याचा येतो. राजीनाम्यानं सेवा तुटते, आणि उपचाराची सर्वांत जास्त गरज असताना ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) आधारही धोक्यात येतो. 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेला कामगार ईएसआयमध्ये बसतो. हप्त्याच्या अटी पुऱ्या असतील तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के मिळतात. टीबी, कॅन्सर, किडनी कायमची निकामी होणं अशा 34 ठरावीक दीर्घ आजारांत वेगळ्या अटींवर 80 टक्के, तेही दोन वर्षांपर्यंत मिळू शकतात. कामगाराला हे ठाऊक नसतं. बऱ्याचदा मालकालाही नसतं.

एक खाचखळगा मात्र सांभाळा. ज्या दिवसाचे पैसे ईएसआय देते, त्या दिवशी काम करायचं नाही. रजेवरच्या स्टोअरकीपरला फोन करून "जरा तेवढं बिल बघ" म्हणणं त्याच्याच अंगाशी येतं. पहिले दोन आठवडे अर्धा दिवस बोलवायचं असेल तर रजा बंद झाल्यावर, आणि त्याचा पगार किती, हे आधी लिहून ठरवा.

आजाराचं नाव कंपनीच्या व्हॉट्सअप ग्रुपवर टाकू नका, ‘लवकर बरे व्हा’ लिहून तर मुळीच नाही.

टीबीचं नाव ऐकलं की लोक सहा महिने गेटच्या आत घेत नाहीत. औषधं सहा महिने चालतात हे खरं, पण ती लागू पडली तर साधारण दोन-तीन आठवड्यांतच बहुतेक रुग्णांकडून संसर्ग थांबतो. कामावर कधी यायचं ते उपचार करणारे डॉक्टर सांगतील. आला की त्याला डब्यासाठी वेगळ्या बाकावर बसवू नका. टीबी ताटवाटीतून पसरत नाही.