कुत्र्याच्या केसांत जटा झाल्यात? या चुका टाळा

अंगावर जट दिसली की पुष्कळ जणांचा हात थेट कात्रीकडे जातो. तो आधी थांबवा. जट कातडीला चिकटून बसते आणि आपण ती धरून ओढली की खालची कातडीही वर उचलली जाते. केस कुठे संपले, कातडी कुठे सुरू झाली, ते दिसतच नाही.

माझ्याकडे ग्रूमिंगला एक शिहत्झू, म्हणजे लांब केसांच्या छोट्या जातीची कुत्री, आली होती. कानामागची जट मालकांनी घरीच कात्रीने काढली होती. रक्त जेमतेम आलं आणि आजूबाजूच्या केसांत जखम झाकली गेली. वास यायला लागला तेव्हा ते तिला घेऊन आले. केस बाजूला केले तर कानाच्या मुळाशी कातडी चिरलेली, आत पू. डॉक्टरांना भूल देऊन जखम साफ करावी लागली. नंतरही कानाजवळ हात नेला की ती मान काढून घ्यायची. पाच मिनिटं वाचवायला गेलं की हे असं होतं, आणि त्रास त्या मुक्या जिवाला.

माझी सवय सांगते. जट मुळाशी दोन बोटांत घट्ट धरायची, म्हणजे ओढ कातडीपर्यंत जात नाही. गुंता सोडवायचा स्प्रे मारून आधी बोटांनीच ती फाकवायची. मग स्टीलच्या कंगव्याच्या टोकाने, टोकाकडून मुळाकडे, थोडं थोडं. कंगवा जटेखाली शिरतच नसेल तर हट्ट सोडून क्लिपर, म्हणजे केस कापायचं मशीन घ्यायचं, केस अगदी बारीक कापणारं दहा नंबरचं ब्लेड लावून. ब्लेड तापतं, म्हणून अधूनमधून मनगटाला लावून बघायचं. अंगभर जटा असतील तर सगळे केस उतरवणं हीच दया. फोटोत तो बरा दिसावा म्हणून त्याला तासन्‌तास ओरबाडू नका.

दुसरी चूक, जटांसकट अंघोळ. ‘शाम्पूने सुटेल’ हे मी इतक्यांदा ऐकलंय! ओली जट वाळताना आणखी आवळते. आत अडकलेला शाम्पू नीट निघत नाही, ओल राहते, खाज सुटते, कुत्रा चाटत बसतो आणि तिथे चट्टा पडतो. आधी विंचरणं, मग अंघोळ, आणि मुळापर्यंत वाळवणं. पावसात भिजून आल्यावरही तेच.

रोज ब्रश करूनही जटा होतात, अशी तक्रार असेल तर तुमचा ब्रश वरवर फिरतोय. केसांचे थर हाताने उचलून, खालची कातडी दिसेल असे भांग पाडत स्लिकर ब्रश (बारीक वाकड्या तारांचा) चालवा. शेवटी कंगवा घाला. तो अडला की काम बाकी आहे.

काखा, जांघा, कानामागचा भाग आणि बोटांच्या मधली जागा रोज चाचपा. हार्नेस, म्हणजे छातीवरून बांधायचा पट्टा, घासला की जटा होतात, तो घरात काढून ठेवा. तेल चोपडू नका, त्यावर धूळ बसते.

पूडलसारख्या जातींत पिल्लाचे केस जाऊन मोठे केस येतात, त्या महिन्यांत तर एक दिवसही चुकवू नका. हस्की, पोमेरेनियन यांचे दुहेरी केस (आत मऊ, वर राठ असे दोन थर) मात्र सोय म्हणून उतरवू नका. ते पुन्हा तसेच येतील याची खात्री नसते.

आणि कानावरची जड जट काढल्यावर कुत्रा सारखं डोकं झटकत असेल तर लक्ष ठेवा. कानाच्या पाळीत रक्त साठू शकतं. पाळी फुगलेली किंवा गरम लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.