लहानपणचं स्वप्न दळायला कसं घ्यावं

चौथीत गुरुजींनी विचारलं, मोठेपणी कोण होणार? मी म्हणाले, शास्त्रज्ञ. आज वय सत्तेचाळीस, औंढा नागनाथ तालुक्यात पिठाची गिरणी चालवते. गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो प्रयोगशाळा आमच्याच तालुक्यात होतेय, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. दळणाला आलेल्या बायका तिचा विषय काढायच्या आणि मला ते चौथीतलं उत्तर टोचायचं.

तुमचंही असं काही टोचत असेल, तर 'शास्त्रज्ञ', 'पायलट' हे शब्द आधी बाजूला ठेवा. त्यामागं डोळ्यांपुढं काय होतं ते आठवा. उन्हाळ्यात माळवदावर निजल्यावर माय सप्तर्षींचं 'खाटलं आन् तीन चोर' दाखवायची. पुस्तकातला कडीवाला शनी कुठं ते तिला माहीत नव्हतं. मला तो स्वतःच्या डोळ्यानं बघायचा होता. बस. त्याला पदवी लागत नाही, दुर्बीण लागते. आणि तिचा आरसा घरी घासता येतो.

वेळेचं सोपं आहे. लाइट गेली की गिरणी बंद, तेवढा वेळ माझा. पैशाला वेगळा डबा, रोज वीस रुपये. सणालाही त्याला हात नाही.

आता घासणं. सहा इंची जाड काचेच्या दोन चकत्या घ्या. एक पिंपावर पक्की बसवा, वर पाणी आणि कार्बोरंडमची, म्हणजे काच झिजवणारी खरखरीत पूड, त्यावर दुसरी ठेवून मागं-पुढं घासत पिंपाभोवती फिरत राहा. वरची काच हळूहळू खोलगट होते. पार मधोमध खोली जेमतेम सव्वा मिलिमीटर. तेवढ्यानं उजेड 1200 मिलिमीटरवर एकवटतो. पूड 80 नंबरची, मग 120, 220, 400 अशी बारीक करत जायची.

दळणातलं मला कोण शिकवणार, या गुर्मीत मी 400 ला तीच जुनी बादली वापरली. 80 चा एक कण राहिलेला. काचेवर चर्रकन ओरखडा! परत 220 वर, अकरा दिवस पाण्यात. म्हणून नंबर बदलला की बादली, फडकं, नखं धुवायची, लुगडंसुद्धा बदलायचं. बाकी चुका काच पोटात घालते, ही नाही.

पॉलिशला डांबराचा थर आणि सेरियम ऑक्साइडची बारीक पूड. काचेचा आरसा करणारा ॲल्युमिनियमचा मुलामा घरी होत नाही, मी काच पुण्याला पाठवली. नळी प्लायवूडची, डोळा लावायचं भिंग मात्र विकतचं.

2025 च्या दिवाळीत शनी धरला, तर कडी गायब! दर पंधराएक वर्षांनी ती आपल्याकडं धार करून उभी राहते, नेमकी तेव्हाच. बारीक रेघ तेवढी दिसली. सासूबाईंनी डोळा लावला आणि म्हणाल्या, "लिंबाला दाभण टोचलंय का गं?"

2032 च्या सुमारास कडी पुरती उघडेल. डब्यात वीस रुपये पडतायत अजून, या खेपेला आठ इंची काच घ्यायचीय.