मळणीला जुना ट्रॅक्टर लावण्याआधी त्याची स्टॉपची वायर तपासा

पावसाने उघडीप दिली की मराठवाडा-विदर्भात सोयाबीनची कापणी सुरू होते आणि पाठोपाठ मळणी. अनेक घरांत नवा ट्रॅक्टर रब्बीच्या मशागतीला ठेवतात आणि हडंब्याला, म्हणजे मळणीयंत्राला, शेडमधला जुना लावतात. बी-275, 1035, झेटर 2511, स्वराज 724 असे जुने ट्रॅक्टर आजही खळ्यावर निमूट राबतात. मळणीआधी आपण ऑइल बघतो, पट्टे ताणतो, बॅटरी चार्जिंगला लावतो. ट्रॅक्टर चालू होतो की नाही, हे सगळेच बघतात. स्टॉपची वायर, म्हणजे इंजिन बंद करायच्या खटक्याची तार, ओढल्यावर चालू ट्रॅक्टर पहिल्याच खेचीत बंद होतो का, हे मात्र फार थोडे जण बघतात. यंदा तेवढं कराच, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पीटीओचा शाफ्ट, म्हणजे हडंबा फिरवणारा ट्रॅक्टरमागचा दांडा, मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. साडीचा पदर, ओढणी, सदऱ्याची बाही किंवा गळ्यातलं उपरणं त्यात अडकलं, तर माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही. आमच्या घरच्या ट्रॅक्टरची स्टॉपची वायर एका वर्षी तुटली होती. मळणीची घाई होती, म्हणून आम्ही रोज संध्याकाळी ट्रॅक्टर मोठ्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक दाबून बंद पाडायचो. दहा-बारा दिवस असेच गेले. मग एका दुपारी पेंढी टाकणाऱ्या गड्याचं उपरणं शाफ्टने ओढलं. कापड जुनं होतं, फाटून हातात आलं आणि तो वाचला. मी ट्रॅक्टरजवळच उभा होतो, पण बंद करायला माझ्या हाताशी काहीच नव्हतं. त्याच संध्याकाळी वायर बसवली. दुकानात तिला फार पैसे पडले नाहीत आणि बसवायला अर्धा तासही लागला नाही.

आता किल्लीबद्दल. मोटरसायकल आणि नवे ट्रॅक्टर चालवलेली पोरं जुन्या ट्रॅक्टरवर बसली की किल्ली फिरवून काढून घेतात आणि इंजिन चालूच राहिलं की गोंधळतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबली जाते, तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल पेट घेतं. त्यामुळे एकदा चालू झालेल्या जुन्या इंजिनाला बॅटरीची गरज उरत नाही. किल्लीवर सेल्फ, दिवे आणि चार्जिंग एवढंच असतं. इंजिन थांबवायचं तर डिझेल तोडावं लागतं आणि ते काम डॅशबोर्डवरचा ओढायचा खटका, त्याची वायर आणि डिझेल पंपावरची छोटी दांडी मिळून करतात. काही जण घाबरून बॅटरीची तार काढतात. त्याने इंजिन थांबत नाही. डायनामो काढून अल्टरनेटर बसवलेला असेल, तर उलट त्याचे डायोड जळतात.

तपासणी अशी करा. पीटीओ सोडवून ठेवा, ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये घ्या, हँडब्रेक लावा आणि इंजिन गरम होऊ द्या. मग मळणीला ठेवतो तेवढी रेस द्या आणि खटका पूर्ण ओढा. इंजिन दोन-चार सेकंदांत थांबायला हवं. थांबलं नाही किंवा फक्त रेस कमी झाली, तर बॉनेटखाली जा आणि सैल कपडे आवरून, पंख्यापासून लांब राहून पंपावरची स्टॉपची दांडी हाताने शेवटपर्यंत ढकला. हाताने इंजिन थांबलं तर दोष वायरीत. हाताने ढकलूनही थांबलं नाही तर दोष पंपाच्या आत. मिस्त्रीला बोलावण्याआधी एवढं कळलं, तरी निम्मं काम झालं.

बहुतेक वेळा दोष वायरीतच निघतो. चार महिने पावसाळी हवेत उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची वायर वरच्या नळीत गंजते. खटका जड लागतो, मग कोणीतरी जोर लावतो आणि टोकाच्या स्क्रूमधून तार निसटते. दुसरा दोष सहज दिसत नाही. वरची नळी पंपाजवळ एका क्लिपने धरलेली असते. ती क्लिप ढिली झाली, की खटका ओढल्यावर आतली तार न सरकता सगळी नळीच वाकते. खटका पूर्ण बाहेर येतो, दांडी मात्र जागची हलत नाही. एकाला खटका ओढायला बसवा आणि दुसऱ्याने पंपाजवळ बघा, लगेच कळेल. उंदरांनी कुरतडलेली नळी आणि सायलेन्सरला टेकून वितळलेली नळीही मी पाहिली आहे.

वायर बसवताना एक चूक हमखास होते. ती फार ताणून बांधली, तर खटका पूर्ण आत असतानाही दांडी थोडी ओढलेलीच राहते. मग पंप पूर्ण डिझेल देत नाही, ट्रॅक्टर ओझ्याखाली दम टाकतो आणि आपण नोझल (इंजिनात डिझेल फवारणारी तोंडं) बदलत बसतो. खटका आत ढकलल्यावर दांडी चालूच्या बाजूला पूर्ण टेकली पाहिजे आणि ओढल्यावर बंदच्या बाजूला पूर्ण टेकली पाहिजे. दोन्ही टोकं डोळ्यांनी बघून मगच स्क्रू आवळा. याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट: सेल्फ मारमार मारूनही ट्रॅक्टर चालू होत नसेल, तर आधी खटका आत आहे का बघा. बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारला आणि खटका बाहेरच होता, असं दर हंगामात कुठे ना कुठे घडतं.

दोष पंपात असेल तर पंप कोणता आहे ते ओळखा. नोझलचे पाईप एका रांगेत वर निघत असतील तर तो लाइन पंप. त्याच्या आत दातेरी पट्टी असते, स्टॉप ओढला की ती शून्य डिझेलवर सरकते. डिझेलमधल्या पाण्याने ती गंजली तर अडकते. पाईप गोल डोक्याभोवती निघत असतील तर तो रोटरी पंप. त्यातली डिझेल मोजणारी छोटी झडप जुन्या, चिकट झालेल्या डिझेलने जाम होते. ट्रॅक्टर खूप दिवस उभा असेल तर टाकीतलं जुनं डिझेल काढा, फिल्टरच्या वाटीतलं पाणी सोडा आणि ताजं डिझेल भरा. मग इंजिन बंद असताना दांडी हलक्या हाताने वीस-तीस वेळा मागेपुढे करा. तरीही अडकत असेल तर पंप इंजिनावरून उतरवून थेट पंप-नोझलच्या कारागिराकडे द्या. सील तोडून घरी खोलू नका, त्याची मापं मशीनवरच लागतात.

टाकीची तोटी बंद करून इंजिन थांबवायची सवय लावू नका. पाईपमधलं आणि फिल्टरमधलं डिझेल संपेपर्यंत इंजिन चालत राहतं, मग हवा धरते आणि पुन्हा सगळी हवा काढत बसावं लागतं. रोटरी पंपाला तर डिझेलचंच वंगण असतं, तो कोरडा चालला की आतून घासतो. नोझलचा पाईप चालू इंजिनावर ढिला करणं याहून वाईट. त्या दाबाचा फवारा कातडीच्या आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो.

काही ट्रॅक्टरांवर नंतर विजेवर चालणारा स्टॉप बसवलेला असतो. त्यात दोन प्रकार येतात. एकाला चालू राहण्यासाठी करंट लागतो, त्याची तार सुटली की ट्रॅक्टर शेतात मध्येच बंद पडतो. दुसऱ्याला बंद होण्यासाठी करंट लागतो, त्याचा फ्यूज गेला की ट्रॅक्टर थांबतच नाही. किल्ली फिरवल्यावर पंपाजवळ टक् आवाज येतो का ऐका, नाही आला तर टेस्ट लॅम्पने 12 व्होल्ट पोहोचतात का पाहा. अशा ट्रॅक्टरवरही हाताने ओढायची वायर ठेवावी, असं माझं मत आहे.

इंजिन सुटणं हा सगळ्यात भीतिदायक प्रकार. जुन्या काही पंपांवर हवेच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर, म्हणजे रेस आवरून धरणारा भाग, असतो. त्याचा पडदा फाटला किंवा नळी तडकली की इंजिन आपोआप रेस घेतं. तेव्हा स्टॉप ओढला तर ते थांबतं. पण एअर क्लिनरमध्ये खुणेच्या वर ऑइल भरलं असेल आणि तेच ऑइल इंजिन ओढून जाळत असेल, तर डिझेल तोडूनही उपयोग होत नाही. निळसर-पांढऱ्या धुराचे लोट निघतात. अशा वेळी हवेच्या पाईपच्या तोंडावर सपाट फळी घट्ट दाबा. हात किंवा कापड कधीही लावू नका, ते आत ओढलं जातं. फळी हाताशी नसेल तर सगळ्यांना लांब करा आणि स्वतःही दूर व्हा. इंजिन गेलं तरी चालेल.

खळ्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाला, पेंढ्या टाकणाऱ्या बायकांनासुद्धा, खटका कुठे आहे ते दाखवा आणि एकदा प्रत्यक्ष ओढायला लावा. खटक्याची मूठ तुटून नुसती तार उरली असेल तर नवी लाल मूठ बसवा. इंजिन थांबलं तरी हडंब्याचा ड्रम स्वतःच्या वजनाने काही वेळ फिरत राहतो, तो पूर्ण थांबेपर्यंत आत हात घालू नये, हेही त्याच वेळी सांगा.

वायर आणायला जाताना जुनी वायर सोबत न्या आणि लांबी जुळवून घ्या. आतली तार एकच जाड आणि ताठ असलेलीच मागा. मोटरसायकलच्या क्लचची पिळाची तार ओढते, पण दांडी परत ढकलत नाही. टोकाचा स्क्रू आणि नळीची क्लिप प्रत्येकी एक जादा घ्या आणि टूलबॉक्समध्ये टाकून ठेवा.