माल्ट भिजवायच्या आधी: इलेक्ट्रिक सेटअपच्या टेंपरेचरची तयारी

मॅश म्हणजे भरडलेला सातूचा माल्ट (मोड आणून वाळवलेला सातू) ६५ अंशाच्या पाण्यात तासभर धरून ठेवायचा, बास, काम एवढंच. सेटअप असा, पिंपाच्या तळाला विजेची कॉइल पाणी तापवते, पंप ते पाणी खालनं ओढून वर माल्टवर सोडतो, आणि कंट्रोलर सेन्सरचं टेंपरेचर बघून कॉइल चालू-बंद करतो. पण कंट्रोलरवर ६५.० दिसतंय म्हणजे आत सगळीकडं ६५ च आहे असं धरून बसणारे लय जण भेटतात, आणि सगळी भानगड तिथंच होते, म्हणून तयारी करायची म्हणजे आधी त्या आकड्याची झडती घ्यायची. आणि हो, आपण इथं गोड पाणी काढून, आटवून काकवीसारखं माल्टचं सिरप करतोय. यीस्ट घालून बिअर करायचा विचार असंल तर लायसन नसताना ते महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्ह्यात बसतंय, तो विषय इथंच बंद.

पहिला सेन्सर. शिरोलीच्या फाउंड्रीत कामाला असलेला एखादा मित्र के टाइप थर्मोकपल (भट्टीत वापरतात तो तारांचा सेन्सर) आणून देतो म्हणंल, फुकट असलं तरी नको, त्यात दोन अंशाचा फरक नियमातच बसतो आणि भट्टीला तो चालतोय, आपल्याला नाही. पीटी १०० म्हणजे प्लॅटिनमचा सेन्सर घ्या, जमलं तर ए क्लासचा, तो जास्त अचूक. मग ठेचलेल्या बर्फात थोडं पाणी घालून त्यात बुडवा, ० दाखवला पाहिजे, आणि नंतर खळखळ उकळत्या पाण्यात. इथं १०० ची वाट बघत बसू नका, कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचावर आहे, पाणी ९८ लाच उकळतंय. १०० यावं म्हणून कंट्रोलरमध्ये दोन अंश वाढवून ठेवलेत तर पुढचं सगळं गणित दोन अंशानं खोटं.

दोन अंशाचं एवढं काय, तर माल्टमधलं साखर करणारं एक एन्झाइम ६० ते ६५ मध्ये खूश असतंय आणि ७० च्या वर गेलं की काही मिनिटांत मरतंय, दुसरं ७० च्या आसपास चांगलं चालतंय पण त्यानं गोडी कमी येते. टेंपरेचर खाली राहिलं तर वाढवता येतंय, वर गेलं तर मेलेलं एन्झाइम परत येत नाही.

आता करंट. २००० वॉटची कॉइल म्हणजे जवळजवळ ९ अँपिअर, त्यामुळं १६ अँपिअरचा सॉकेट, धड अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), ह्यात कंजूषपणा नाही, ओल्या फरशीवर उभं राहून काम करायचंय. कंट्रोलरच्या सांगण्यावरनं कॉइल चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच म्हणजे एसएसआर, त्याला हीट सिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) पाहिजेच. आणि एसएसआर खराब होतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊनच बसतो, म्हणजे कंट्रोलर बंद म्हणतोय आणि कॉइल तापतच चाललीय, म्हणून हाताला येईल असा वेगळा मेन स्विच आधी लावा, कंट्रोलर नंतर घ्या. व्होल्टेजपण बघून ठेवा, २३० चं २०० झालं तर २००० ची कॉइल १५०० च्या आसपासच देते आणि १५ लिटर पाणी तापायला पंचवीसच्या जागी तेहतीसेक मिनिटं लागतात.

सेन्सर कुठं बसवायचा ह्यावर लोक भांडतात. माझं मत स्पष्ट आहे, पिंपातनं पाणी बाहेर पडतंय तिथं, कॉइलच्या लगेच पुढं, पंपाच्या पाइपात. वर परत पडणाऱ्या धारेत बसवला आणि मध्येच माल्ट घट्ट होऊन धार थांबली, तर सेन्सर थंड होतोय, कंट्रोलरला वाटतंय अजून तापवायचंय, आणि खाली कॉइलला चिकटून सगळं करपतंय. तो करपट वास सिरपमधनं जात नाही, काही करा. खालच्या सेन्सरनं निदान कॉइलजवळचं पाणी हाताबाहेर जात नाही. वर माल्टमध्ये खोचायला एक साधा डायलवाला थर्मामीटर घ्या, दोघांत एखादा अंश फरक राहणारच, त्याहून वाढला तर धार बघायची, सेटिंग नाही. क्रम कायमचा लक्षात ठेवा, आधी पंप, मग हिटर, बंद करताना उलटं. कॉइल उघडी पडली की गेली.

धार थांबू नये ह्याची तयारी गिरणीत होते. गिरणीवाल्याला नुसतं दळून द्या म्हटलं की पीठच हातात मिळणार, लापशीसारखं भरडून पाहिजे, दाणा फुटला पाहिजे आणि टरफल शाबूत, असं उभं राहून सांगा आणि पहिली मूठ बघा. भाताचं तूस राइस मिलमधनं धुऊन आणलेलं दोन-चार मुठी मिसळलं तर निम्मी काळजी मिटते. ज्वारी घालायची हौस असंल तर ती आधी वेगळी शिजवून घ्या, तिचा स्टार्च ६५ ला उकलत नाही.

ऑटो ट्यून, म्हणजे कंट्रोलरनं तापवून बघून स्वतःची सेटिंग बसवून घेणं, आदल्या दिवशी करा, पिंपात तेवढंच पाणी आणि पंप चालू ठेवून, कमी पाण्यावर केलेलं ट्यूनिंग उपयोगाचं नाही.

माल्ट घालायच्या आधी पाणी किती तापवायचं ते गणित करून भिंतीवर लिहा. ५ किलो माल्टला १५ लिटर पाणी, माल्ट २७ अंशाचा असंल तर पाणी ७०.२ पाहिजे, म्हणजे मिसळल्यावर ६५ येतंय. एप्रिलमध्ये माळ्यावर पोतं ३५ ला गेलेलं असतंय, तेव्हा ६९ पुरे. थंडीत पहाटे १८ असंल तर ७१.४. स्टीलचं पिंप स्वतः थोडी उष्णता खातंय, ते आधीच गरम पाण्यानं तापलेलं असू दे. पोत्यात थर्मामीटर खुपसायला अर्धा मिनिट लागतोय, तेवढं कराच.

बोअरचं पाणी जड असंल तर मॅशचा पीएच (आंबटपणाचं माप) वर जातोय, तो ५.२ ते ५.६ मध्ये पाहिजे, पट्टी आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड जवळ ठेवा. मेडिकलमधनं टिंक्चर आयोडीनची छोटी बाटली आणा, तासाभरानं पांढऱ्या बशीत मॅशचं थेंबभर पाणी आणि त्यावर आयोडीन, काळानिळा रंग आला तर अजून पंधरा मिनिटं, नाही आला तर ७६ ला चढवून दहा मिनिटं ठेवायचं आणि गाळायला घ्यायचं.